तीन मीटरचा बोळ

मुंबईत २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य माथ्यावर नसतो. तो दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. आता ग्राउंड प्लस सेव्हन अशा दोन इमारती डोळ्यांसमोर आणा, एक दक्षिणेला, एक उत्तरेला, दोन्ही २४ मीटर उंच आणि मधे तीन मीटरचा बोळ. दक्षिणेकडच्या गच्चीच्या कडेवरून तिरपं येणारं ऊन बोळ ओलांडेपर्यंत जेमतेम सव्वातीन मीटर खाली उतरतं. म्हणजे समोरच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्याला ऊन आणि खालच्या सात मजल्यांना नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य ७१ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा वरचे तीन मजले उजळतात. मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवशी, ऊन सरळ तळापर्यंत पोचतं. तेही थोडाच वेळ, आणि अशा दिवसांत, जेव्हा ते कुणालाच नको असतं. मग पावसाळा लागतो.

हे उदाहरण हवेतलं नाही. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती अशाच तीन-तीन मीटरवर उभ्या आहेत. रेल्वेरुळांच्या कडेची आणि रस्तारुंदीत उठलेली कुटुंबं तिथे आली. त्यांना २२५ चौरस फुटांचं पक्कं घर, नळ आणि घरातला संडास मिळाला. ही काही लहान गोष्ट नव्हे. पण ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने तिथे अभ्यास केला, तो २०१८ मध्ये पुढे आला. त्यात दिसलं ते असं की खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा कमी आणि क्षयाचा त्रास जास्त. जवळच्याच पीएमजीपी वसाहतीत इमारतींमधलं अंतर बरं आहे, तिथे क्षयाचं प्रमाण ठळकपणे कमी होतं.

कारण समजायला अवघड नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. खोलीतली हवा बदलत राहिली तर ते विरळ होतात, ऊन लागलं तर मरतात. पाच-सहा माणसांची खोली, एकच खिडकी आणि खिडकीसमोर तीन मीटरवर दुसऱ्याची खिडकी असेल, तर दोन्ही गोष्टी होत नाहीत. गरिबी, कमी खाणं, आधीच जडलेला आजार हेही आहेच. तरी घराने आजाराला हातभार लावू नये एवढी अपेक्षा घराकडून ठेवायला हरकत नाही.

दाट वस्तीत परवडणारं, टिकणारं आणि कुटुंबाला नीट राहता येईल असं घर कसं बांधायचं, या विषयावर बोलताना आपण चौरस फुटांपासून सुरुवात करतो. २२५ की २६९ की ३००? माझ्या मते सुरुवात त्या बोळापासून करायला हवी. मधे किती जागा सोडली यावर उजेड ठरतो. उंची किती न्यावी लागेल तेही त्यावरच ठरतं. उंचीवर लिफ्ट आणि पंपाचं बिल, आणि त्या बिलावर ते घर पाच वर्षांनी त्याच कुटुंबाच्या हातात असेल की नाही, हे ठरतं.

साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

ही अक्कल मुंबईला एकदा आली होती, फार महाग पडून. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत ताप आणि गाठींचे रुग्ण दिसू लागले. मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचं ओळखलं. गोदीलगतच्या त्या गल्ल्यांत घरं एकमेकांना खेटून, मागच्या खोल्यांना खिडकीच नाही, दिवसा दिवा लावावा लागे. शहर रिकामं व्हायची वेळ आली, तेव्हा १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रस्ते पाडले, बीआयटी चाळी बांधल्या, दादर-माटुंग्याचे प्लॉट आखले. त्या कामात पाडापाडी जास्त आणि पर्यायी घरं कमी झाली, हा आरोप खरा आहे. पण एक नियम त्यांनी चांगला धरला. जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष होते, त्यांनी तो हिरिरीने मांडला.

राहत्या खोलीच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे एक रेष ओढायची. ती आडव्या पातळीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा उभी असता कामा नये. साडेत्रेसष्टच का? कारण या कोनात उंची अंतराच्या बरोबर दुप्पट होते. थोडक्यात, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मधे हवं. मिस्त्रीला दोरी आणि गुण्या घेऊनही तपासता येईल इतका सोपा नियम.

तो गोवंडीला लावून पाहा. २४ मीटर उंचीला १२ मीटर अंतर लागलं असतं. दिलं तीन. प्लेगनंतर शिकलेला धडा शंभर वर्षांनी आपण त्याच शहरात, गरिबांच्याच घरांपुरता रद्द केला. सवलतीचं कारण सांगितलं गेलं ते नेहमीचंच: मोकळी जागा सोडली तर योजना ‘व्हायेबल’ होत नाही.

ती होते की नाही, हे गणिताने पाहता येतं.

मजले वाढवले की घरं वाढतात, पण किती?

आधी एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, समजून घेऊ. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळ्या मजल्यांची मिळून दोन हजार चौरस मीटर जागा बांधली, तर एफएसआय दोन. इमारत किती उंच आहे हे हा आकडा सांगत नाही. निम्म्या प्लॉटवर चार मजले बांधा किंवा एक-अष्टमांश प्लॉटवर सोळा मजले, एफएसआय तोच.

आता एकामागे एक लांबट इमारती आहेत असं समजा. प्रत्येकीची जाडी १२ मीटर, मजल्याची उंची तीन मीटर, आणि मधलं अंतर ऑरसाहेबांच्या नियमाने उंचीच्या निम्मं. चार मजली इमारत १२ मीटर उंच, तिला सहा मीटर अंतर. म्हणजे १८ मीटर जमिनीवर १२ मीटरचे चार थर, एफएसआय २.६७. आठ मजले केले तर अंतर १२ मीटर झालं आणि एफएसआय चार. सोळा मजल्यांना अंतर २४ मीटर, एफएसआय ५.३३. बत्तीस मजल्यांना ४८ मीटर, एफएसआय ६.४.

म्हणजे आठाचे सोळा मजले केले तर उंची दुप्पट, पण घरं एक-तृतीयांशानेच वाढली. सोळाचे बत्तीस केले तर फक्त एक-पंचमांशाने. उजेडाचा नियम पाळला की उंचीतून मिळणारा फायदा असा झपाट्याने आटतो. खर्च मात्र उलट्या दिशेने जातो: पाया खोल, सळई जास्त, लिफ्ट जास्त, आगीसाठी वेगळी टाकी आणि वेगळे पंप.

आता याच हिशेबात आठ मजल्यांमधलं अंतर १२ ऐवजी तीन मीटर करा. एफएसआय किती? १५ मीटर जमिनीवर १२ मीटरचे आठ थर, म्हणजे ६.४. बत्तीस मजली इमारतींत उजेड राखून जेवढं बांधता येतं, तेवढं आठ मजल्यांत उजेड खाऊन बांधता येतं, तेही कितीतरी स्वस्तात. त्या बोळाचं अर्थकारण एवढंच आहे.

पण मग उजेड राखून आठ मजल्यांत पुरेशी घरं बसतच नाहीत का? बसतात. एक हेक्टर जमीन घ्या. रस्ते, बालवाडी, मैदान, कडेची जागा यांसाठी ४० टक्के सोडा. चारचा एफएसआय २.४ वर येतो, म्हणजे २४ हजार चौरस मीटर बांधकाम. ३०० चौरस फुटांचं घर, त्याच्या भिंती, जिना आणि गॅलरीतला वाटा मिळून ४२ चौरस मीटर धरले, तर सुमारे ५७० घरं होतात. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत हेक्टरी किमान घरांचा आकडा आधी ५०० होता, पुढे ६५० झाला. आपण त्या दोन्हींच्या मधे आहोत. (या नियमात किमान घनता ठरवलेली आहे, हे लक्षात घ्या. कमाल किती असावी याची चिंता कमीच.)

तरीही प्रत्यक्षात वीस-बावीस मजली पुनर्वसन इमारती उभ्या राहतात, कारण त्याच जमिनीवर दुसरी एक इमारत बसवायची असते. १९९५ पासूनची योजना अशी आहे: झोपडीधारकाला घर फुकट, आणि त्याचा खर्च बिल्डर उरलेल्या जमिनीवरचे फ्लॅट बाजारभावाने विकून काढणार. सरकारच्या तिजोरीतून थेट पैसा जात नाही, म्हणून ती सगळ्याच सरकारांना आवडली. परिणाम असा की फुकटची घरं प्लॉटच्या एका कोपऱ्यात, जितक्या कमी जमिनीत कोंबता येतील तितकी कोंबायची, आणि रस्त्याकडची, समुद्राकडची बाजू विक्रीच्या टॉवरला. वरळीला विक्रीचा भाव चढा, तिथे योजना धावतात. भाव नसेल तिथे फायली वर्षानुवर्षं पडून. दाटी ही लोकसंख्येमुळे कमी आणि या हिशेबामुळे जास्त झालेली आहे.

म्हणून मला कुणी ‘परवडणाऱ्या घरांसाठी उंच जावंच लागेल’ असं ठणकावून सांगितलं, की मी विचारतो: कुणाची घरं परवडण्यासाठी?

बेलापूरचं घर आणि त्याची मर्यादा

या विषयावर वास्तुरचनेचे विद्यार्थी हमखास बेलापूरचं उदाहरण देतात, आणि ते द्यावंच. नवी मुंबईत सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली वसाहत, आज आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखली जाते. सव्वापाच-साडेपाच हेक्टर जमीन, एक-दोन मजली घरं, आणि हेक्टरी सुमारे ५०० माणसं. सात घरांच्या मधे आठ बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन घोळके मिळून, म्हणजे २१ घरांना, १२ बाय १२ मीटरचा चौक. घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत, कारण प्रत्येकाला पुढे पैसे येतील तसं घर वाढवता यावं. साधा गवंडी बांधू शकेल अशी रचना. आणि लोकांनी खरोखरच वाढवली, काहींनी पाडून तिथे दोन-तीन मजली बंगले बांधले. कुणाला ते विद्रूप वाटतं. मला तर योजना यशस्वी झाल्याचा तो पुरावा वाटतो.

पण आकडे पाहा. तिथे हेक्टरी ५०० माणसं, इथे हेक्टरी ५०० घरं, म्हणजे अडीच हजार माणसं. धारावीत किंवा लालबागला बेलापूर उचलून आणता येणार नाही. उचलायची ती त्यातली पायऱ्यांची रचना: घराबाहेर आधी थोड्या घरांचं अंगण, मग जास्त घरांचा चौक, मग रस्ता. आठ मजल्यांच्या इमारतीतही प्रत्येक मजल्यावर सहा-आठ घरांमधे एक रुंद गॅलरी ठेवता येते. ती जागा वाया जात नाही. लोणच्याच्या कैऱ्या तिथे वाळतात, इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवायचं काम घेतलेल्या बायका तिथेच बसतात, आजोबांची खुर्ची तिथे असते. वन रूम किचनमधल्या कुटुंबाची ती अर्धी खोलीच असते. नकाशात मात्र तिला ‘पॅसेज’ म्हणतात आणि पहिली कात्री तिलाच लागते.

दोन बाजूंनी हवा

चाळीचं एक सुख फ्लॅटमध्ये हरवलं. गॅलरीच्या चाळीत एका बाजूला गॅलरी, तिकडे दार आणि खिडकी. मागच्या भिंतीला दुसरी खिडकी. वारा एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. नव्या इमारतीत मधे बोळ, दोन्ही बाजूंना घरांची दारं. दार लावलं की वारा एकाच बाजूने येतो, म्हणजे खरं तर येत नाही. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते.

सगळ्या चाळी सारख्या नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत मधे अंधारा बोळ आणि दोन्हीकडे दहा-दहा खोल्या, प्रत्येकी १६० चौरस फूट. आतून त्या कोंदटच. पण इमारती तीन-चार मजलीच, आणि दोन चाळींमधे ऐसपैस पटांगण. लग्नं, कबड्डी, गोविंदाचे थर सगळं तिथे. आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर त्यांचा पुनर्विकास चालू आहे. रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतात, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० वरून ५०० वर जाणं म्हणजे काय, हे एका खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसालाच कळेल. तिथे उगाच जुन्याचे उमाळे काढू नयेत. मात्र पटांगण गेलं त्याच्या बदल्यात काय आलं, हे विचारायला हवं. पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या छतावरची, बाग आणि चाळीचं पटांगण यांत फरक असतो. तिसऱ्या मजल्यावरून आई मुलाला हाक मारू शकते, बाविसाव्यावरून फोन लावावा लागतो.

घराच्या आत काय पाहायचं? पहिली गोष्ट आकार. उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीचपटच आत जातो. खिडकीचा माथा सव्वादोन मीटरवर असेल तर साडेचार-पाच मीटर. म्हणजे तीन मीटर रुंद आणि नऊ मीटर खोल घराचा मागचा अर्धा भाग दिवसाही दिव्यावर चालतो. तेच क्षेत्रफळ साडेचार बाय सहा मीटर केलं आणि दोन बाजूंना खिडक्या दिल्या, तर सबंध घर उजेडात. बिल्डरला रुंद घर नको असतं, कारण बाहेरची भिंत वाढते, मजल्यावर घरं कमी बसतात. घेणाऱ्याने मात्र रुंदीसाठीच भांडावं. २० चौरस फूट कमी मिळाले तरी चालतील.

दुसरी गोष्ट ओटा. स्वयंपाकघर डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद उभ्या पोकळीवर, उघडत असेल तर फोडणीचा ठसका आठही मजल्यांना पोचतो, आणि डक्टमध्ये एकदा पाइप गळायला लागला की शेवाळं, घुशी आणि भिंतीला ओल. मोरी-संडास डक्टवर चालतो, ओटा नको. ओट्याला बाहेरची खिडकी हवी.

तिसरी गोष्ट माळा. मजल्याची उंची फूट-दीड फुटाने वाढवली तर खर्च फार वाढत नाही, कारण जमीन, पाया आणि गच्ची तीच राहते. पण मोरीवर आणि दारावर माळा निघतो. गाद्या, पत्र्याच्या पेट्या, गणपतीचं मखर, सासूबाईंची तांब्याची भांडी वर गेली की खाली झोपायला जागा होते. तीनशे फुटांत हा माळाच तिसरी खोली. आणि हवी एक आतली खोली, पडद्याची नव्हे, खरं दार लागणारी, मग ती सहा बाय आठची का असेना. ज्या घरात नवीन सून येणार आहे, दहावीची मुलगी आहे आणि खाटेवर आजी आहे, तिथे एका दाराची किंमत चौरस फुटांत मोजता येत नाही.

क्षेत्रफळाबद्दल एक खुलासा. २०१६ च्या रेरा कायद्यानंतर विक्री कार्पेट एरियावरच होते. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. म्हणून बाल्कनी बंद करून खोली केली की कागदावर काही बदलत नाही, पण आतल्या खोलीचा वारा तुटतो. हे आपण सगळे करतो, आणि वर एक्झॉस्ट पंखा लावतो.

दर महिन्याचं घर

घर परवडतं का, हे विचारताना आपण किंमत विचारतो. बँक हप्ता विचारते. राहणाऱ्याला दोन्ही भरावे लागतात आणि मेंटेनन्सही.

महिना ३० हजार मिळवणारं कुटुंब घ्या. उत्पन्नाच्या ३० टक्के घरावर, म्हणजे नऊ हजार. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी एक लाखाचा हप्ता साधारण ८६८ रुपये होतो. म्हणजे नऊ हजारांत सव्वादहा लाखांच्या वर थोडं कर्ज मिळेल. आता यातून मेंटेनन्सचे दोन हजार वजा करा. कर्जाची ताकद आठ लाखांवर आली. दरमहा हजार रुपयांचा मेंटेनन्स म्हणजे सुमारे एक लाख पंधरा हजारांचं कर्ज. पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असं अडीच लाखांचं अनुदान मिळतं. दोन हजारांच्या मेंटेनन्सने ते जवळजवळ सगळं गिळलं.

पुनर्वसनाच्या घरात तर हप्ता नसतोच, मेंटेनन्स हाच सगळा खर्च. झोपडीत ज्या कुटुंबाचा वीज-पाण्याचा खर्च काही शे रुपये होता, त्याच्या दारात लिफ्टचा वार्षिक करार, पंपाचं बिल, अग्निशमन यंत्रणेची तपासणी, वॉचमन, टाकी धुणं, मालमत्ता कर सगळं एकदम येतं. योजनेत कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठीची ठेव, ठेवला जातो, बराच काळ तो प्रत्येक घरामागे ४० हजार होता. त्याच्या व्याजात बावीस मजल्यांच्या लिफ्ट चालत नाहीत. मग एक लिफ्ट बंद पडते, ती दुरुस्त होत नाही, दुसरीवर भार येतो. चौदाव्या मजल्यावरच्या गुडघेदुखीच्या बाईंचं खाली उतरणं थांबतं. पुढे काय होतं ते उपनगरातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे: घर भाड्याने देऊन किंवा परस्पर विकून कुटुंब पुन्हा मागे, किंवा आणखी लांब.

म्हणून पर्यावरणपूरक घर म्हणताना मी आधी हे बघतो की महिन्याच्या बिलातून काय कमी होतं. बाकी हिरव्या भिंतींचे फोटो छान असतात.

यात आवाक्यातल्या गोष्टी पुष्कळ आहेत. आपल्या आठ मजली इमारतीची गच्ची ३०० चौरस मीटर धरू. टाक्या, लिफ्टची खोली वगळून निम्म्या जागेत १५ किलोवॉट सौर पॅनेल बसतात. ती सरासरी रोज ६० युनिटच्या आसपास वीज देतात. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलाचा मोठा भाग त्यातून सुटतो. ‘पीएम सूर्यघर’मध्ये गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. याच गच्चीखाली बावीस मजले असते, तर पॅनेल तेवढीच आणि घरं जवळजवळ तिप्पट. इथेही उंची आडवी येते.

पावसाच्या पाण्याबद्दल मात्र फार स्वप्नं बघू नयेत. मुंबईत वर्षाला २,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ३०० चौरस मीटर गच्चीवर वर्षभरात साडेसहा लाख लिटर पाणी पडेल. ऐकायला भरपूर वाटतं. पण इमारतीत ६४ घरं, ३२० माणसं, माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरलं तर दिवसाला ४३ हजार लिटर लागतात. वर्षाचा सगळा पाऊस पंधरा दिवसांत संपतो, आणि तोही चार महिन्यांतच पडतो, साठवायला टाकी कुठे? तो जमिनीत मुरवा, बोअरला पाणी टिकेल, फ्लशला आणि धुण्याला वापरता येईल. त्याहून जास्त बचत दोन बटणांच्या फ्लशमध्ये आणि गळका बॉलकॉक वेळेवर बदलण्यात आहे. त्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, एवढंच.

भिंतींबद्दल थोडक्यात. मोठ्या योजनांत हल्ली सर्रास मायवान शटरिंग वापरतात. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटने ओततात. काम झपाट्याने होतं, गिलावा जवळजवळ लागत नाही, गळतीही कमी. पण काँक्रीटची पातळ भिंत मे महिन्यात दुपारभर तापते आणि रात्री आत उष्णता सोडत राहते. हलक्या ब्लॉकच्या भिंती, ज्यांना पुण्याकडे सिपोरेक्स म्हणतात, त्या मानाने थंड. मायवानच वापरायचं ठरलं असेल तर पश्चिमेच्या भिंतीला सावली हवी: दोन फुटांचा छज्जा, कपडे वाळत घालायची बाल्कनी, किंवा जिना आणि डक्टच त्या बाजूला. गच्चीवर पांढऱ्या चायना चिप्स लावल्या की सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांची झोप सुधारते. यातलं काहीही खर्चिक नाही, फक्त ते नकाशा मंजूर होण्याआधी ठरावं लागतं. नंतर त्याच भिंतीला भोक पाडून एसी बसतो आणि दरमहा बिल येतं.

एवढं सगळं रहिवाशाच्या हातात कुठे असतं, असं कुणी म्हणेल. थोडं असतं, आणि तेही एकाच टप्प्यावर, संमतीपत्रावर सही करण्याआधी. त्या सभांमध्ये सगळी चर्चा दोनच गोष्टींवर होते: घर किती फुटांचं आणि तोपर्यंत भाडं किती. पडद्यावर झाडं, कारंजं आणि निळं आकाश असलेलं चित्र दाखवतात. त्याऐवजी सेक्शन मागा. सेक्शन म्हणजे इमारत सुरीने उभी कापल्यासारखं दाखवणारा नकाशा. त्यात समोरासमोरच्या दोन इमारती आणि मधलं अंतर दिसतं. पहिल्या मजल्याच्या खिडकीवर पट्टी ठेवून समोरच्या माथ्यापर्यंत पेन्सिलीने रेष ओढा, शाळेतल्या कंपासमधला कोनमापक पुरतो. पुनर्वसनाची इमारत आणि विक्रीची इमारत, दोन्हींच्या बाबतीत ओढा आणि कोन शेजारी शेजारी लिहा. मग लिफ्ट किती, पंप किती अश्वशक्तीचे, कॉर्पसचं व्याज महिन्याला किती, आणि बिल्डरची जबाबदारी संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक घराला किती रुपये येतील, हे लेखी मागा. ‘ते आमचे आर्किटेक्ट बघतील’ असं उत्तर आलं, तर पुढच्या सभेला आर्किटेक्टलाच बोलवा, आणि सेक्शन घेऊनच या म्हणावं.